क्वाडचा सत्तावन्न आणि क्वाडचा त्रेसष्ट

क्वाड या ब्रिटिश कंपनीचा ‘सत्तावन्न’ पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा स्पीकर आहे हे पटतच नाही. उंची ३१ इंच, रुंदी त्याहून थोडी जास्त, पुढे ब्राँझ रंगाची, किंचित बाक असलेली भोकाभोकांची जाळी आणि खाली बुटके लाकडी पाय. एखाद्या थंड देशातला रूम हीटर कुणीतरी दिवाणखान्याच्या मधोमध आणून ठेवावा, तसा तो दिसतो. त्यातून त्याची एक वायर भिंतीतल्या विजेच्या प्लगला जोडावी लागते, म्हटल्यावर संशय आणखीच बळावतो.

जुन्या हायफायच्या नादी लागलेल्या माणसांत एक वाद कधी मिटत नाही: सत्तावन्न चांगला की त्रेसष्ट? दोन्ही क्वाडचे, दोन्ही इलेक्ट्रोस्टॅटिक (म्हणजे चुंबकाऐवजी विद्युतभाराच्या ओढीने पडदा हलवणारे), दोन्ही पीटर वॉकरच्या डोक्यातून आलेले. आकड्यांवरून वाटते, मध्ये सहाच वर्षे गेली असतील. प्रत्यक्षात पहिला १९५७ साली विक्रीला आला आणि दुसरा १९८१ साली. ६३ हे त्याच्या कामाला सुरुवात झाल्याचे वर्ष. मूल जन्मायला अठरा वर्षे लागली आणि नाव मात्र गर्भधारणेच्या सालावरून ठेवले, असला हा प्रकार. आणि पहिल्याला तर कंपनीने ‘सत्तावन्न’ कधी म्हटलेच नव्हते. तो नुसता ‘क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर’ होता. धाकटा आल्यावर थोरल्याला ओळखायचे कसे, म्हणून लोकांनी त्याला हा आकडा चिकटवला.

वॉकरने १९३६ मध्ये लंडनला ‘अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ काढली. युद्धात बाँबहल्ल्यात जागा गेली, तेव्हा १९४१ मध्ये बिऱ्हाड हंटिंग्डनला हलले आणि तिथेच रुजले. क्वाड हे आधी कंपनीचे नाव नव्हतेच. ‘क्वालिटी युनिट ॲम्प्लिफायर डोमेस्टिक’ अशा ॲम्प्लिफायरच्या नावाची ती आद्याक्षरे. १९५३ चा ‘क्वाड टू’ हा पंधरा वॉटचा, व्हॉल्व्हचा म्हणजे काचेच्या नळ्यांचा ॲम्प्लिफायर गाजला. ॲम्प्लिफायर इतका स्वच्छ झाल्यावर खोट उरली ती स्पीकरमध्ये.

नेहमीच्या स्पीकरमध्ये लोहचुंबकापुढे तारेचे वेटोळे हलते, ते कागदाच्या कोनला ढकलते आणि कोनच्या मागचा आवाज गिळायला लाकडी खोके लागते. कोन जड असतो, तो एका जागी ढकलला जातो आणि कडेला वाकतो. खोके स्वतःच गुणगुणते. वॉकरला हे सगळेच काढून टाकायचे होते. त्याऐवजी दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा अतिपातळ पडदा ताणून बसवायचा, त्यावर विद्युतभार ठेवायचा आणि पत्र्यांना संगीताचा सिग्नल द्यायचा. पडदा सगळीकडून एकदम ओढला-ढकलला जातो. त्याचे वजन इतके कमी की त्याला चिकटलेली हवाच जास्त जड भरावी.

कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये हाही मार्ग तपासून पाहिला होता आणि शेवटी वेटोळ्याचा रस्ता धरला होता. अडचण अशी की पडदा एका पत्र्याच्या जवळ गेला की विद्युतभार वाढतो, ओढ वाढते, आवाज बिघडतो. तोडगा कागदावर सोपा आहे. पडद्यावर असा लेप द्यायचा की त्याचा विद्युतरोध प्रचंड असेल. मग भार जागच्या जागी अडकून राहतो, ना वाढत ना घटत, आणि पडदा कुठेही असला तरी त्यावरचे बल फक्त सिग्नलच्या प्रमाणात राहते. हे गणित १९५४ पर्यंत छापून आले होते. वॉकरने १९५५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात लेखमाला लिहून घरात ठेवण्याजोगा स्पीकर त्यातून कसा निघेल ते मांडले आणि दोन वर्षांत तो दुकानात आणला.

सत्तावन्नच्या जाळीमागे मध्ये ट्रेबलची, म्हणजे उंच स्वरांची, उभी पट्टी आणि दोन्ही बाजूंना खर्जाचे पॅनेल असतात. खर्जाच्या पडद्यावर सुमारे ६,००० व्होल्ट, ट्रेबलच्या पडद्यावर दीड हजार. प्लगची वायर त्यासाठी. मानवी आवाज त्यातून जसा येतो, त्याला माझ्या कानाने तरी आजवर तोड पाहिलेली नाही. तंबोऱ्याची जवारी ऐकताना तारेचा आवाज कुठल्या खोक्यातून येतोय असे वाटतच नाही. पण तबल्याच्या डग्ग्याला छाती दणाणेल अशी आशा ठेवू नये. खोके नाही, म्हणजे मागचा आवाज पुढच्याला फिरून येऊन भेटतो आणि खालच्या स्वरांत दोघे एकमेकांना खातात. शिवाय तो भिंतीपासून चांगला दूर ठेवावा लागतो, जे आपल्याकडच्या वन बीएचकेत सांगायलाही संकोच वाटतो.

त्याची दुसरी मर्यादा जास्त महाग पडते. सत्तावन्न ३३ व्होल्टपर्यंतच सिग्नल सोसतो. पंधरा वॉटच्या क्वाड टूशी त्याची जोडी छान जमायची. १९७५ मध्ये त्याच कंपनीचा १०० वॉटचा ‘४०५’ ॲम्प्लिफायर आला आणि घरातल्या घरातच भांडण लागले. आठ ओहमला १०० वॉट म्हणजे शिखराला ४० व्होल्ट. ट्रेबलच्या पडद्यातून ठिणगी उडते, भोक पडते आणि पॅनेल कामातून जाते. म्हणून सत्तावन्नवाल्यांसाठी ४०५ मध्ये व्होल्टेज रोखणारी जादा सोय द्यावी लागली.

पण त्रेसष्टचा जन्म या कारणाने झाला नाही. सत्तावन्न बाजारात आला तेव्हा घरोघर एकच स्पीकर असे. स्टिरिओ एलपी आली १९५८ मध्ये, म्हणजे वर्षभराने. मोनोच्या काळात श्रोता जरा डावी-उजवीकडे सरकला तर फारसे बिघडत नसे. दोन स्पीकरांच्या मध्ये गायक उभा करायचा असेल तर मात्र बिघडते. १०,००० हर्ट्झच्या स्वराची लहर जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची. त्यापेक्षा मोठ्या पृष्ठभागातून ती निघाली की बॅटरीच्या झोतासारखी सरळ जाते. त्यामुळे सत्तावन्नच्या जोडीपुढे खरी खुर्ची एकच. शेजारी बसलेल्या बायकोला निम्मे संगीत.

वॉकरने १९६३ मध्ये हात घातला तो या झोताला. विहिरीत खडा टाकला की गोल लाटा पसरतात. सपाट पडद्यातून तशाच लाटा काढता येतील का? त्याचे उत्तर असे: पत्र्याचे एकात एक गोल कडी असे भाग करायचे. सिग्नल आधी मधल्या चकतीला द्यायचा, मग तारेच्या वेटोळ्यांतून क्षणाच्या लक्षांशाने उशीर करत करत बाहेरच्या कड्यांना. पडदा सपाटच राहतो, पण लाट अशी निघते की जणू स्पीकरच्या ३० सेंटीमीटर मागे एक बिंदू वाजतो आहे. खर्ज आणि ट्रेबल वेगळे करायची गरजही संपली. कारखान्यात या प्रकल्पाचे लाडके नाव होते ‘फ्रेड’. ठिणगीचाही बंदोबस्त झाला. आत एक अँटेना बसवली, ती ठिणगीची चाहूल लागताच इनपुट शॉर्ट करून टाकते.

म्हणूनच या दोघांची तुलना नुसत्या कानाने उरकणाऱ्यांशी माझे जमत नाही. एकटा ऐकणारा, रात्रीचा, कमी आवाजात, गायकी ऐकणारा माणूस सत्तावन्नकडे झुकणार, आणि त्यात गैर काही नाही. त्रेसष्टचा खर्ज खोल, त्याची जागा मोठी, त्याच्यापुढे चौघे बसू शकतात. पण जुन्याची ती थेट भिडणारी मध्यसप्तकातली जवळीक त्यात थोडी पातळ झाल्याची तक्रार लोक करतात, आणि मला ती निव्वळ स्मरणरंजन वाटत नाही. सत्तावन्न १९८५ पर्यंत बनत राहिला, सुमारे ५४,००० नग. म्हणजे चार वर्षे दोघे एकाच छपराखाली तयार होत होते.

पुढची पिढी खरे तर त्रेसष्टचीच. १९९७ मध्ये क्वाड ‘इंटरनॅशनल ऑडिओ ग्रुप’कडे गेली. त्यानंतरचे ९८८ हे मॉडेल आकाराने त्रेसष्टचा सख्खा भाऊ, ९८९ मध्ये खर्जाची दोन पॅनेल जास्त. २८०५ आणि २९०५ ला भक्कम चौकट मिळाली, त्यांच्यानंतर २८१२ आणि २९१२ आले. गोल कड्यांची मूळ कल्पना सगळ्यांत तीच. वॉकर २००३ मध्ये गेला.

आपल्याकडे यातला कुठलाही घेणाऱ्याने पावसाळा लक्षात ठेवावा. हजारो व्होल्ट, दमट हवा आणि धूळ एकत्र आले की भार झिरपू लागतो, आवाज हळू होतो, मग आतून चट्‌चट् ऐकू येते. सत्तावन्नची पॅनेल नव्याने बांधून देणारे लोक युरोपात आजही आहेत, पण वाहतुकीचे भाडे आणि कस्टम धरून तो खर्च स्पीकरच्या किमतीला भिडतो. म्हणून जुनी जोडी विकत घेताना जाळीला ओरखडे किती, हे नंतर बघा. आधी विकणाऱ्याला विचारा, याला कोणता ॲम्प्लिफायर लावला होता.