हुबेहूब की देखणं? इम्युलेटरमधल्या चित्राचे दोन रस्ते

सेगा मेगा ड्राइव्ह या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर १९९१ साली आलेल्या 'सॉनिक द हेजहॉग'च्या पहिल्याच भागात, ग्रीन हिल झोनमध्ये, धबधबे आहेत. आजच्या मॉनिटरवर इम्युलेटरमधून, म्हणजे जुन्या गेम-यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून, गेम चालवा आणि पात्राला तिथे क्षणभर थांबवा. पाण्याऐवजी उभ्या रेघा दिसतील: एक पिक्सेल रुंदीची पाण्याची पट्टी, शेजारी एक मोकळी, पुन्हा पट्टी. चित्र काढणाऱ्याची ही चूक नव्हे. मेगा ड्राइव्हला खरीखुरी पारदर्शकता जमत नव्हती, पण पिवळ्या पिनेच्या कंपोझिट केबलमधून सिग्नल टीव्हीत पोचेपर्यंत शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळायचे आणि पडद्यावर आरपार दिसणारं पातळ पाणी उमटायचं.

आता सांगा, हे रेघांचं चित्र हुबेहूब म्हणायचं का? इम्युलेटरने एकही पिक्सेल चुकवलेला नाही, आणि तरी त्या काळी खेळणाऱ्यांना दिसायचं ते हे नव्हे.

'ॲक्युरेट' (अचूक) आणि 'एन्हान्स्ड' (सुधारलेलं) या दोन शब्दांचा घोळ इथूनच सुरू होतो. अचूकपणा दोन ठिकाणी तपासावा लागतो: एकदा चिपच्या आत आणि एकदा पडद्याच्या काचेवर. चिपच्या आतला अचूकपणा म्हणजे मूळ यंत्राने ज्या क्षणी जे केलं, तेच त्याच क्रमाने करणं. सुपर निन्टेन्डो या गेम-यंत्राचा प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झने चालायचा. पण बीस्नेस हा इम्युलेटर त्या यंत्राचा प्रत्येक ठोका पाळायचा, म्हणून २०११ च्या सुमारास त्याला ३ गिगाहर्ट्झच्या घरातला संगणक लागायचा. बहुतेक गेमना एवढी काटेकोरी लागत नाही. लागते ती ओळीओळीच्या मधल्या वेळेत चित्राशी खेळणाऱ्या थोड्या गेमना, आणि ते मात्र जरा इकडचं तिकडे झालं तरी बिघडतात.

काचेवरच्या अचूकपणाचं काम सीआरटी शेडर करतो, म्हणजे जुन्या काचनळीच्या (सीआरटी) टीव्हीची नक्कल करणारा छोटा प्रोग्रॅम. स्कॅनलाइन म्हणजे पडद्यावरच्या आडव्या ओळी, काचेवर चमकणारे फॉस्फरचे ठिपके, रंगांचं हलकं पसरणं हे सगळं तो नव्या पडद्यावर उभं करतो. गंमत अशी की मेनूमध्ये तो 'एचक्यू२एक्स', 'एक्सबीआर' अशा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरच्या शेजारीच सापडतो, म्हणून दोन्ही एकाच माळेचे मणी वाटतात. खरं तर त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. एक्सबीआर पायऱ्यापायऱ्यांच्या कडा ओळखून तिथे नव्या तिरक्या रेषा काढतो, म्हणजे मूळ चित्रकाराच्या हातावर आपला हात फिरवतो. सीआरटी शेडर चित्राला हात लावत नाही, ते ज्या पडद्यासाठी काढलं होतं तो पडदा परत आणतो. (धबधब्यासाठी मात्र कंपोझिट सिग्नलची नक्कल करणारा शेडर निवडा, नुसत्या स्कॅनलाइनने रेघा मिसळत नाहीत.) मीही कित्येक वर्षं सगळे शेडर बंद ठेवून, धारदार चौकोनी पिक्सेल बघत स्वतःला मोठा शुद्धतावादी समजत होतो. ते चौकोन त्या काळच्या टीव्हीवर असे कधी दिसलेच नव्हते.

त्रिमितीय गेमचा हिशोब वेगळा. तिथे चित्र आधी काढून ठेवलेलं नसतं. कोपऱ्यांचे आकडे असतात आणि त्यांवरून चित्र दर फ्रेमला नव्याने बनतं. आकडे तेच ठेवून ते मोठ्या जाळीवर मांडता येतात, म्हणून डॉल्फिन या इम्युलेटरमध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूब या यंत्राचा गेम चौपट रेझोल्यूशनवर लावला तर बहुतेक वेळा निव्वळ फायदाच होतो.

पहिल्या प्लेस्टेशनचं तसं नाही. १९९४ चं हे यंत्र त्रिकोणाचे कोपरे पूर्ण पिक्सेलवरच बसवायचं, अपूर्णांक सोडून द्यायचं. टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र, ताणताना खोलीचाही विचार करायचं नाही. त्यामुळे कॅमेरा वळला की भिंती थरथरतात आणि फरशीच्या सरळ रेघा मध्येच वाकतात. ३२० बाय २४० च्या चित्रात, जुन्या टीव्हीच्या मऊ उजेडात, हे बरंचसं खपून जायचं. आता रेझोल्यूशन आठपट करा, २५६० बाय १९२०. कडा धारदार होतात, पण कोपरा अजून जुन्याच जाळीवर उड्या मारत असतो, म्हणजे नव्या चित्रात एका उडीला आठ पिक्सेल. सुधारायला गेलो आणि दोषच उठून दिसला!

यावर पीजीएक्सपी नावाचा उपाय आहे आणि डकस्टेशन या प्लेस्टेशनच्या इम्युलेटरमध्ये तो एका टिचकीवर मिळतो. यंत्राने गणित करताना टाकून दिलेले अपूर्णांक तो बाजूला जपून ठेवतो आणि चित्र काढताना वापरतो. थरथर थांबते, फरशी सरळ होते. रेझोल्यूशन वाढवणार असाल तर हे बरोबर चालू कराच, एकाशिवाय दुसऱ्यात अर्थ नाही. 'रेसिडेंट एव्हिल' किंवा 'फायनल फँटसी सेव्हन'मध्ये मात्र मी हात आखडता घेतो. तिथली पार्श्वभूमी आधीच तयार केलेलं, कमी रेझोल्यूशनचं सपाट चित्र आहे. पात्रं लखलखीत झाली तरी ती मागे तशीच धूसर राहते, आणि पात्रं तिच्यावर स्टिकर चिकटवल्यासारखी दिसतात. असे गेम मूळ रेझोल्यूशनवर, सीआरटी शेडर लावूनच बरे.

काही सुधारणा दिसायला निरुपद्रवी असतात. निन्टेन्डोच्या आठ बिटांच्या यंत्राला, म्हणजे एनईएसला, एका ओळीत जास्तीत जास्त ८ स्प्राइट, म्हणजे पात्रांची हलती छोटी चित्रं, दाखवता येतात. गर्दी झाली की ते लुकलुकतात, म्हणून इम्युलेटरमध्ये ही मर्यादा उठवायची सोय असते. पण १९८६ च्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा'ने हीच मर्यादा कामाला लावली आहे. तळघराच्या वरच्या-खालच्या दारातून जाताना ओळ मुद्दाम भरून टाकली जाते, म्हणजे नायकाचा तेवढा भाग काढलाच जात नाही आणि तो चौकटीमागे गेल्यासारखा वाटतो. मर्यादा उठवली की तो चौकटीवरूनच चालत जाताना दिसतो. मेसेन हा इम्युलेटर अशा जागा शक्य तिथे ओळखून मर्यादा तेवढ्यापुरती परत लावतो. स्प्राइटची मर्यादा उठवलीत तर त्याच्या सेटिंगमधला हा पर्यायही चालू ठेवा.