बदली वादक आणि जादा वादक: जुन्या रॉक रेकॉर्डवर नेमके कोण वाजवत होते?

जुलै १९६४ मध्ये द किंक्स या ब्रिटिश बँडने लंडनच्या आयबीसी स्टुडिओत 'यू रिअली गॉट मी' रेकॉर्ड केले. त्यातला गिटार सोलो जिमी पेज या बाहेरच्या गिटारवादकाचा, ही अफवा अजून मरत नाही. सोलो बँडचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याचाच आहे आणि पेजनेही आपण तो वाजवला नसल्याचे सांगून टाकले आहे. तो फाटका आवाज डेव्हिसच्या छोट्या अॅम्प्लिफायरचा. त्याच्या स्पीकरचा कागदी कोन त्याने ब्लेडने चिरून ठेवला होता. गंमत म्हणजे परका हात या रेकॉर्डवर आहेच, फक्त लोक तो भलत्याच वाद्यात शोधतात. ड्रम वाजवतोय बॉबी ग्रॅहम हा सेशन ड्रमर, म्हणजे तेवढ्या मुद्रणापुरता मानधनावर बोलावलेला, आणि बँडचा ड्रमर मिक एव्हरी याच्या हाती टॅम्बोरिन दिले आहे. पियानोही बँडमधल्या कुणाचा नाही. तो आर्थर ग्रीनस्लेडचा असल्याचे निर्माता शेल टॅल्मी सांगत असे. पुढे डीप पर्पलमध्ये गाजलेल्या जॉन लॉर्डनेही त्यावर हक्क सांगितला आहे.

ग्रॅहम आणि पियानोवाला, दोघेही सेशन वादक. दोघांची नावे लेबलवर नाहीत, दोघांनाही ठरलेले मानधन. तरी त्यांची कामे एक नव्हेत. ग्रॅहम दुसऱ्याच्या जागेवर बसला होता. पियानोवाल्याने कुणालाच उठवले नव्हते. पहिल्याला आपण बदली वादक म्हणू, दुसऱ्याला जादा वादक. "त्या काळात बँड स्वतः वाजवतच नसत" असे सरसकट विधान ऐकू येते, तेव्हा बहुधा जादाची उदाहरणे बदलीच्या खात्यात टाकलेली असतात.

ओळखायला एक प्रश्न बऱ्याचदा पुरतो: त्याच महिन्यात हे गाणे मंचावर झाले, तर तो भाग कोण वाजवी? बँडमधला माणूस वाजवत असेल, तर रेकॉर्डवरचा सेशन वादक बदली. मंचावर तो भाग गळत असेल, तर जादा. किंक्सच्या कार्यक्रमात ड्रम एव्हरी वाजवी आणि पियानो नसे, म्हणजे एकाच रेकॉर्डवर दोन्ही प्रकार सापडले. मात्र स्टुडिओसाठीच बांधलेल्या संगीताला हा प्रश्न लागू होत नाही.

बदलीचा फटका सर्वात जास्त ड्रमरना बसला. त्याचे कारण यंत्रात आहे. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या अॅबी रोड स्टुडिओत बीटल्सना चार ट्रॅकचे, म्हणजे चार आवाज वेगवेगळे टिपणारे, यंत्र मिळाले ते ऑक्टोबर १९६३ मध्ये. त्याआधी दोनच ट्रॅक. सगळी वाद्ये एकत्र वाजायची आणि एकाच ट्रॅकवर उतरायची. गायक चुकला तर वेगळा ट्रॅक निदान असे, पण ड्रमची लय सरकली की सगळ्यांचाच टेक, म्हणजे सलग वाजवण्याचा तो प्रयत्न, वाया जाई. शिवाय ड्रमचा आवाज खोलीतल्या प्रत्येक माइकमध्ये झिरपतो, त्यामुळे नंतर तेवढाच बदलायची सोयच नसे. त्यात घड्याळ. ब्रिटनमध्ये सेशन तीन तासांचे. अमेरिकेत संगीतकारांच्या युनियनच्या, म्हणजे एएफएमच्या, नियमानुसार तीन तासांच्या सेशनमध्ये जास्तीत जास्त १५ मिनिटांचे पक्के संगीत घ्यायची मुभा. तीन तासांत दोन-तीन गाणी हातात हवीत, तर निर्माता सर्वात मोठा धोका आधी काढून टाकी, आणि तो धोका ड्रमच्या स्टुलावर बसलेला असे. तो वाईट वाजवत असे असे नव्हे. क्लबात जे खपते, लय जरा पुढे पळणे, कोरसला जोर वाढणे, ते माइकसमोर उघडे पडते.

बीटल्सचे 'लव्ह मी डू' हे याचे सर्वात स्वच्छ उदाहरण, कारण त्याच्या तिन्ही आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. ६ जून १९६२ ला ड्रमवर बँडचा तेव्हाचा ड्रमर पीट बेस्ट. ४ सप्टेंबरला नवा ड्रमर रिंगो स्टार. ११ सप्टेंबरला सेशन ड्रमर अँडी व्हाइट आणि रिंगोच्या हाती टॅम्बोरिन. ५ ऑक्टोबरला बाजारात आलेल्या पहिल्या सिंगलवर रिंगोची आवृत्ती आहे. १९६३ च्या 'प्लीज प्लीज मी' अल्बमवर व्हाइटची. फरक ओळखायला ड्रमचे कान लागत नाहीत. टॅम्बोरिन ऐकू आले तर व्हाइट, नाही आले तर रिंगो. सिंगलच्या मागच्या बाजूच्या 'पी. एस. आय लव्ह यू'वरही व्हाइटच आहे. रिंगो माराकास वाजवतोय. पण 'प्लीज प्लीज मी' हे गाणे ११ सप्टेंबरला व्हाइटबरोबर घेऊन पाहिले होते, ते बाजूला पडले आणि २६ नोव्हेंबरला रिंगोसह नव्याने झाले. म्हणजे बदली माणूस एका संध्याकाळपुरता होता. यावरून रिंगोबद्दल मोठाले निष्कर्ष काढणाऱ्यांनी तारखा एकदा नीट लावाव्यात.

द बर्ड्स या अमेरिकन बँडची गोष्ट जास्त टोकाची. २० जानेवारी १९६५ ला हॉलिवुडच्या कोलंबिया स्टुडिओत 'मिस्टर टॅम्बोरिन मॅन' झाले, तेव्हा बँडपैकी वाजवायला एकटा रॉजर मॅग्विन होता, बारा तारांची रिकनबॅकर गिटार घेऊन. ड्रमवर हॅल ब्लेन, बेसवर लॅरी नेक्टेल, गिटारवर जेरी कोल. डेव्हिड क्रॉस्बी आणि जीन क्लार्क फक्त गायले. इलेक्ट्रिक पियानोवर लिऑन रसेल होता; तो जादा, आणि अंतिम मिक्समध्ये जवळजवळ ऐकूच येत नाही. मॅग्विन पुढे सांगत असे की या मंडळींनी एका सेशनमध्ये दोन गाणी उरकली, तर बँडने स्वतः वाजवलेल्या 'टर्न! टर्न! टर्न!'ला ७७ टेक लागले. आकड्यात अतिशयोक्ती धरली, तरी कंपनीचा हिशेब त्यातून कळतो. आणि तेवढेच महत्त्वाचे: पहिल्या अल्बममधली या सिंगलच्या दोन बाजू सोडून बाकीची गाणी बँडनेच वाजवली आहेत.

जादा वादकाचे सगळेच सौम्य. कुणाचा अपमान नाही, लपवायचे काही नाही. नाव नसण्याचे कारण इतकेच की रेकॉर्डच्या पाकिटावर नाव छापायची पक्की रीत नव्हती. 'यस्टरडे'मागचे चार तंतुवाद्य वादक (जून १९६५) किंवा 'एलेनॉर रिग्बी'चे आठ वादक हे सगळे जादा. बीटल्सच्या 'रेव्होल्यूशन' सिंगलवरचा निकी हॉपकिन्सचा इलेक्ट्रिक पियानोही त्यातलाच. इथे आपल्या ओळखीचे एक आडनाव भेटते. 'रिव्हॉल्वर' (१९६६) मधल्या 'लव्ह यू टू'वर तबला अनिल भागवतांचा, आणि त्यांचे नाव पाकिटावर छापले गेले. पुढच्याच वर्षीच्या 'विदिन यू विदाउट यू'मध्ये दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणाऱ्या लंडनच्या भारतीय वादकांचे नाव मात्र पाकिटावर नाही. काम तेच, स्टुडिओ तोच. छापायचे की नाही ते त्या-त्या वेळी ठरे.

हिंदी चित्रपटसंगीताशी तुलना करायचा मोह होतो. तिथे गोव्याच्या वादकांनी आणि सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरांनी केलेले काम असेच वर्षानुवर्षे निनावी राहिले. पण तिथे बदली हा प्रकार संभवत नाही. लेबलवर बँडचे नावच नाही, तर कुणाच्या जागी बसणार? तिथले सगळे वादक या अर्थाने जादाच.

तिसरा प्रकार पाहुण्याचा, आणि तोही या दोन्हींत मिसळतो. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'वर (सप्टेंबर १९६८) सोलो एरिक क्लॅप्टनचा, नाव छापलेले नाही. तो मित्राच्या बोलावण्यावरून आला होता, मानधनाच्या सेशनवर नाही. 'गेट बॅक'च्या लेबलवर मात्र 'द बीटल्स विथ बिली प्रेस्टन' असे स्पष्ट छापले गेले.

आता पडताळणी. अमेरिकेतले मुख्य कागद म्हणजे एएफएमचे सेशन करारपत्र: तारीख, वेळ, स्टुडिओ, लीडर, वादकांची नावे, प्रत्येकाची रक्कम, पेन्शनची वर्गणी. लीडरला दुप्पट मिळे. एकाच सेशनमध्ये दुसरे वाद्य हाती घेतले तर 'डबलिंग'चे जादा पैसे, त्यामुळे रकमेवरूनही काही कळते. पण या कागदावर डोळे झाकून विसंबले की चुका होतात. त्यावर नाव असते, कोणत्या टेकवर कोण हे नसते. गाण्याचे नाव कधी कधी तात्पुरते असते. एकाच गाण्यासाठी तीन सेशन झाली आणि शेवटी पहिल्याचा टेप वापरला, तर उरलेल्या दोन कागदांवरची माणसे रेकॉर्डवर नसतात. युनियनबाहेर झालेल्या डेमोचा तर कागदच नाही. ब्रिटनमध्ये ईएमआयच्या नोंदी चांगल्या टिकल्या. छोट्या स्वतंत्र स्टुडिओंच्या बाबतीत बऱ्याचदा आठवणींवर भिस्त ठेवावी लागते, आणि आठवणी तीस वर्षांनी फुगतात. बर्नार्ड पर्डी या फार मोठ्या ड्रमरने बीटल्सच्या बऱ्याच गाण्यांवर आपणच असल्याचे सांगितले आहे. त्याला पुरावा मिळालेला नाही. बीटल्सनी हॅम्बर्गमध्ये गायक टोनी शेरिडनबरोबर केलेल्या जुन्या मुद्रणांवर अॅट्को कंपनीने १९६४ मध्ये न्यूयॉर्कला ड्रम चढवले होते, ते काम त्यांचे असण्याची शक्यता जास्त.

म्हणून कागद आणि कान दोन्ही लागतात. आधी मूळ सेशनच्या टेपमधले बोलणे प्रकाशित झाले आहे का ते पाहावे. त्यात निर्माता वादकाला नावाने हाक मारतो. मग त्याच काळातले रेडिओवरचे वादन शोधावे. बीबीसीसाठी बँड कमी वेळात, स्वतःच वाजवत. रेकॉर्डवरची बेसची चाल किंवा ड्रमचे फिल तिथे जशीच्या तशी आली, तर दोन शक्यता उरतात: रेकॉर्डवर बँडच आहे, किंवा बदली वादकाची चाल बँडने उचलली आहे. रेडिओवर ती सोपी झाली असेल, तर बदलीचा संशय बळावतो. शेवटी हात मोजावेत. ओव्हरडब (नंतर वरून चढवलेले वादन) नसलेल्या टेकमध्ये ड्रम आणि टॅम्बोरिन सलग एकत्र वाजत असतील, तर दोन माणसे हवीतच.

'इतके सफाईदार आहे, म्हणजे ते नसणारच' हा पुरावा नव्हे. बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'वर (१९६६) बहुतेक वाद्ये लॉस एंजेलिसच्या सेशन वादकांची, हे खरे. पण 'दॅट्स नॉट मी'मध्ये ड्रमवर डेनिस विल्सन आणि गिटारवर कार्ल आहे. द मंकीजचे पहिले दोन अल्बम मुख्यतः सेशन वादकांवर उभे आहेत. मे १९६७ चा 'हेडक्वार्टर्स' त्यांनी बहुतांशी स्वतः वाजवला.

पैशांच्या बाबतीत मात्र कायदा बदली आणि जादा असा भेद करत नाही; एकरकमी मानधनावर हक्क सोडलेले दोघेही एकाच रांगेत. वेगळी रांग आहे ती रचनेच्या वाट्याची. क्लेअर टोरीने जानेवारी १९७३ मध्ये एका रविवारी पिंक फ्लॉइडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'साठी ३० पौंड घेतले. गायिका म्हणून नाव अल्बमवर होते. तिने २००४ मध्ये दावा केला तो सहरचनाकार म्हणून, २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांवर रचनेत बँडच्या रिचर्ड राइटबरोबर तिचे नाव आले. तो झगडा नाव गाळल्याचा नव्हताच.

मानधनवाल्यांना युरोपात उशिरा थोडे मिळू लागले. ध्वनिमुद्रणाचे संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर गेले आणि वाढीव वर्षांत कंपनीने विक्री-स्ट्रीमिंगच्या मिळकतीतले २० टक्के अशा वादकांसाठी बाजूला काढायचे ठरले. ब्रिटनमध्ये हे १ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाले, पण फक्त त्या दिवशी संरक्षण शिल्लक असलेल्या, म्हणजे १९६३ किंवा नंतर प्रकाशित झालेल्या मुद्रणांना. त्यामुळे अँडी व्हाइटची ११ सप्टेंबर १९६२ ची संध्याकाळ कायद्याने दोन भागांत कापली गेली. 'लव्ह मी डू'ची त्याची आवृत्ती अल्बमवर १९६३ मध्ये आली, म्हणून ती आत, 'पी. एस. आय लव्ह यू' ऑक्टोबर १९६२ च्या सिंगलवर निघाले होते, म्हणून ते बाहेर.