सौर कृषीपंपासाठी अर्ज करताय? आधी सात-बारा उघडून बघा

‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेसाठी महावितरणकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. गावात अनेकांचे अर्ज भरून देताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा संगणकावर नाही, कागदावर अडतो. म्हणून सेतू केंद्रात जाण्याआधी घरी बसून अर्धा तास कागद तपासा.

पहिला कागद सात-बारा. शेतात विहीर किंवा बोअर असेल तर त्याची नोंद उताऱ्यावर हवीच. विहीर आजोबांनी खोदलेली असते, तिच्यावर तीन पिढ्या जगलेल्या असतात, पण उताऱ्यावर ती कुठेच नसते. अशा वेळी अर्जाची घाई करू नका. आधी तलाठ्याकडे जाऊन नोंद करून घ्या आणि ताजा उतारा काढा.

दुसरी अडचण सामाईक जमिनीची. उताऱ्यावर भाऊ, बहिणी, चुलते यांची नावे असतील तर सर्व हिस्सेदारांचे ना हरकत पत्र जोडावे लागते. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचे नाव असेल तर तिचीही सही लागते. फोन करून तिला नीट समजावून सांगा. कशाची सही आहे हे तिला कळायलाच हवे.

बाकी कागद सोपे आहेत: आधार कार्ड, बँक पासबुक, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांसाठी जातीचा दाखला. पाण्याचा स्रोत डार्क झोनमध्ये, म्हणजे भूजलाचा अति उपसा झालेल्या भागात येत असेल तर भूजल सर्वेक्षण विभागाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. मोबाइल नंबर मात्र स्वतःचाच द्या. पुढचे सगळे निरोप त्याच नंबरवर येतात. दुसऱ्याचा नंबर दिला तर पैसे भरण्याचा मेसेज त्याच्याकडेच पडून राहतो.

पात्रतेसाठी शेतात पाण्याचा शाश्वत स्रोत हवा आणि कृषीपंपाची वीजजोडणी आधीपासून नसावी. अटल सौर कृषीपंप किंवा मुख्यमंत्री सौर कृषीपंप योजनेचा लाभ आधी घेतलेला असेल तर या योजनेत बसता येत नाही. जलसंधारणाच्या कामांतून साठलेल्या पाण्यावरही हा पंप लावता येत नाही.

पंपाची क्षमता जमिनीवर ठरते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, अडीच ते पाच एकरांपर्यंत ५ आणि पाच एकरांच्या वर साडेसात. यापेक्षा कमी क्षमतेचा पंप मागता येतो, जास्तीचा नाही. किमतीतला १० टक्के हिस्सा शेतकऱ्याने भरायचा. अनुसूचित जाती-जमातींसाठी हा हिस्सा ५ टक्के आहे. उरलेली रक्कम केंद्र आणि राज्य सरकारकडून येते.

पाण्याची खोली आधी स्वतः मोजा, हे माझे कळकळीचे सांगणे आहे. उन्हाळ्यात पाणी किती खाली जाते ते दोरी सोडून बघा. बोअर खोल आणि पंप लहान असेल तर पॅनल उन्हात तापत राहील आणि पाणी मात्र अपुरेच येईल.

अर्ज भरल्यावर मिळालेला अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा. कागदांत त्रुटी निघाली तर ती दुरुस्त करून पुन्हा पाठवता येते. मंजुरीनंतर हिस्सा भरायचा, मग यादीतून पुरवठादार निवडायचा. ही निवड स्वतः करा. तालुक्यात कुणी आधी पंप बसवला असेल तर त्याला भेटा, बिघाड झाल्यावर त्या कंपनीचा माणूस किती दिवसांत येतो ते विचारा. स्थळपाहणीला लोक येतील तेव्हा शेतात स्वतः हजर राहा आणि पॅनल कुठे बसवायचे ते दाखवा. झाडाची सावली पडणार नाही अशी जागा निवडा.

पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. हमीपत्र ताब्यात घेतल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करू नका.

‘नंबर लवकर लावून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. या योजनांच्या नावाने बनावट संकेतस्थळेही निघाली आहेत, तेव्हा हिस्सा फक्त महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा. शंका असेल तर गावाजवळच्या शाखा कार्यालयात जा किंवा १९१२ वर फोन करा. गावात महावितरणचा मेळावा लागला तर सात-बारा आणि आधार घेऊनच जा. उतारा समोर ठेवून विचारलेल्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर मिळते.

रात्रपाळीच्या लाइनीसाठी अंधारात साप-विंचवांतून मोटर चालू करायला जाणाऱ्या बापाला दिवसा पाणी देता येणार असेल, तर या खटपटीत गेलेले चार दिवस मला जड वाटत नाहीत.