धूळ एकच: काँक्रीट कटरच्या इंजिनातही आणि फुप्फुसातही

काँक्रीटमध्ये १ मीटर लांब, १० सेंटिमीटर खोल आणि ४ मिलिमीटर रुंद काप घेतला की ४०० घनसेंटिमीटर माल निघतो. वजन साधारण ९६० ग्रॅम, आणि सगळी पूड. ब्लेडचा डायमंड वाळूचे आणि खडीचे कण फोडतो, त्यातून क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकी सिलिका मोकळी होते. अमेरिकेच्या ओशाने (कामगार सुरक्षेचे नियम करणारी सरकारी संस्था) हवेतल्या सिलिकेसाठी घातलेली मर्यादा आहे घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम, ८ तासांची सरासरी. एका पाळीत माणूस सुमारे १० घनमीटर हवा घेतो. म्हणजे दिवसाचा कोटा अर्धा मिलिग्रॅम, आणि समोर उडतेय किलोभर पूड.

त्याच ढगात कटरचं इंजिनही श्वास घेत असतं. ७० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर चाललं तर कागदावर ६३० लिटर हवा ओढतं. प्रत्यक्षात आकडा कमी भरतो, तरी चालवणाऱ्याच्या मिनिटाला २० लिटरच्या मानाने कितीतरी पट. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतून, जाते आणि मग सिलिंडरमध्ये, त्यामुळे आत शिरलेली धूळ पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग या सगळ्यांना घासते. क्वार्ट्झची कठीणता मोहस मापनावर ७ आहे. अॅल्युमिनियमचा पिस्टन तिच्यापुढे टिकत नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: हवेचा फिल्टर मळला की इंजिन जातं. मळलेला फिल्टर फक्त हवा अडवतो. मिश्रण घट्ट होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), प्लग काळा पडतो, ताकद कमी होते आणि यंत्र कुरकुरतं, म्हणून लक्षात तरी येतं. इंजिन खरं मारतो तो गळका फिल्टर: कडेचं रबर दबलेलं, कव्हरचा स्क्रू सैल, कागदाला बारीक भोक. असं यंत्र मस्त चालतं आणि एक दिवस दोरी ओढताना हाताला जोरच लागत नाही, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, संपलेलं असतं. पेपर फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारणं हा भोक पाडायचा हमखास मार्ग. कंपनीच्या पुस्तिकेत नसेल तर तो साफ करू नये. ताकद उतरली की बदलावा. दर वेळी कव्हर उघडताना थोडी धूळ आत पडते, म्हणून उगाच उघडूही नये.

फिल्टर काढल्यावर कार्बोरेटरच्या तोंडाशी आतून बोट फिरवा. करकर लागली तर गळती आहे; नुसता नवा फिल्टर बसवून भागणार नाही, बसायची जागा आणि रबर तपासायलाच हवं. इंजिन उघडलंच तर पिस्टन बघा. रेघोट्या आणि निस्तेज, घासलेला भाग हवा आत येते त्या बाजूला जास्त असेल तर दोष धुळीचा. सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील तर संशय ऑइल कमी पडल्याचा किंवा मिश्रण पातळ झाल्याचा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). हे न बघता नवा पिस्टन टाकला की तोही त्याच वाटेने जातो.

पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल ५०:१ सांगितलं असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली, ५ लिटरला १०० मिली. अंदाजाने ओतू नये. ‘थोडं जास्त घातलेलं बरं’ म्हणणाऱ्यांच्या यंत्रात एक्झॉस्टच्या तोंडाशी कार्बन साचतो. सिलिंडरच्या पंखांवर उडालेला चिखल सुकून दगड होतो आणि थंडावा बंद पडतो. तो ओला असतानाच काढावा.

इंजिन आणि माणूस, दोघांचाही पहिला बचाव म्हणजे ब्लेडवरचं पाणी. ब्रिटनच्या एचएसईच्या (कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) मार्गदर्शनात हातकटरसाठी मिनिटाला किमान अर्धा लिटर सांगितलं आहे. ते मोजणं सोपं आहे: नळीखाली बाटली धरा आणि मिनिटभर थांबा. ब्लेडच्या दोन्ही बाजूंना धार पडतेय ना, तेही बघा. एक नोझल बुजलं तर त्या बाजूने कोरडी धूळ सुटते. ब्लेड टेकवायच्या आधी पाणी सुरू व्हावं, आणि काम संपल्यावर पाणी बंद करून ब्लेड थोडा वेळ मोकळं फिरवावं. खाली साचलेला चिखल अल्कधर्मी असतो, त्वचा भाजते. तो सुकला की पुन्हा धूळच, म्हणून झाडू नये, ओला असतानाच उचलावा.

दिसते ती धूळ खाली बसते; १० मायक्रोमीटरहून बारीक कण सुटे दिसत नाहीत, हवेत तरंगत राहतात आणि फुप्फुसात खोल जातात. सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, पडलेले व्रण भरून येत नाहीत. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) १९९७ मध्ये श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. ओशाच्या नियमात उघड्यावर, पाण्यासह, ४ तासांपर्यंत मास्कशिवाय चालतं. त्याहून जास्त वेळ किंवा बंदिस्त जागेत एन-९५ किंवा वरचा मास्क लागतो. कापडी रुमाल चालत नाही, आणि दाढीवर मास्क हवाबंद बसत नाही.

बंदिस्त जागेत मात्र पेट्रोलचं यंत्र नेऊच नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड पाण्याने दबत नाही आणि मास्कमध्ये अडकत नाही. तिथे ओल्या कापणीसाठी बनवलेलं विजेचं यंत्र वापरावं, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि दर वेळी काम सुरू करण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबून.