फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घेताय? आधी दिवे मोजा

(पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या ग्राहकांसाठी)

आयटीतल्या नोकरकपातीची बातमी आली की "आत्ता घ्यावा का हो फ्लॅट?" असे फोन आम्हा एजंटांना सुरू होतात. खरं सांगायचं तर बातमी वाचून भाडं ठरत नाही. तुमच्या सोसायटीच्या गेटाच्या आत किती फ्लॅट कुलूपबंद आहेत, यावर ते ठरतं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, घरून काम सुरू झालं आणि हिंजवडी-वाकडची आयटीतली पोरं गावी गेली. काहींनी गाद्या, फ्रिज तसेच ठेवून किल्ल्या आमच्याकडे कुरिअरने पाठवल्या. टेबलाचा खण बंद होईना. मग ऑफिसं उघडली, तीच पोरं एकदम परतली आणि भाडी चढली. त्याच सुमारास, मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये, रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. कर्जाचे हप्ते फुगले, घर घेऊ पाहणाऱ्यांनी हात आखडला. पण घर घेणं लांबवता येतं, राहणं नाही. ती मंडळी भाडेकरूच राहिली. म्हणजे व्याज वाढल्याने आलेली अनिश्चितता घरमालकाला उलट हात देते. नोकऱ्या गेल्याने आलेली मात्र फ्लॅट रिकामा करते. दोन्ही एकाच तराजूत तोलू नका.

हे झालं मागणीचं. आमचे बहुतेक ग्राहक फसतात ते पुरवठ्यात, कारण तो गठ्ठ्याने येतो. दोन टॉवरचा ताबा दसऱ्याच्या आसपास मिळतो आणि गुंतवणूक म्हणून घेतलेले सगळे फ्लॅट एकाच महिन्यात भाड्याला निघतात. नकाशा तोच, किचन ट्रॉल्याही त्याच. भाडेकरू दहाव्या मजल्यापासून भाव करत खाली उतरतो.

म्हणून टोकन (बुकिंगची आगाऊ रक्कम) देण्याआधी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची आणि शेजारच्या दोन-तीन प्रकल्पांची पूर्णत्वाची तारीख बघा. राहतं संकुल असेल तर रात्री आठला गेटाबाहेर उभं राहून दिवे मोजा. सकाळी बाल्कनीतले वाळत घातलेले कपडेही चालतील. वॉचमनशी दोन शब्द बोललात तर आमच्यापेक्षा जास्त कळेल.

आता हिशेब. उदाहरण म्हणून 80 लाखांचा टू बीएचके घ्या, भाडं 25,000, मेंटेनन्स 3,500. वर्षाचं भाडं 3 लाख, म्हणजे किमतीच्या पावणेचार टक्के. मेंटेनन्सचे 42,000 आणि एक महिना रिकामा गेल्याचे 25,000 वजा केले की उरतात 2 लाख 33 हजार, तीन टक्क्यांच्याही आत. मालमत्ता कर आणि रंगकाम वेगळंच. भाड्यातून हप्ता सुटेल ही आशा बाळगू नका.

"पंचवीसच्या खाली देणार नाही" म्हणून अडून बसणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं. 23,000 ला लगेच दिलात तर 11 महिन्यांत 22,000 कमी मिळतील. महिनाभर रिकामा ठेवलात तर 25,000 चं भाडं जाईल, मेंटेनन्स तर दोन्हीकडे भरावाच लागतो.

करार तोंडी ठेवू नका, ओळखीतला भाडेकरू असला तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लेखी करार करून त्याची नोंदणी करणं मालकाची जबाबदारी आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. खोडून काढायचं काम तुमच्याकडे येतं. फ्लॅटमध्ये स्वतः न राहता भाड्याने दिलात म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क लावेल, पण ते सेवाशुल्काच्या (मेंटेनन्स बिलातल्या सेवांच्या खर्चाच्या) 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आम्ही याहून जास्त आकारलेली बिलं पाहिली आहेत.

सहा हप्त्यांची रक्कम बाजूला नसेल तर या वर्षी थांबा, आमचं कमिशन बुडालं तरी चालेल. असेल, तर येताना त्या सोसायटीचं मेंटेनन्सचं ताजं बिल आणि मोजलेल्या दिव्यांचा आकडा घेऊन या.