लायसन्सवरचा ‘ई’ आणि गिअरचा ट्रक: अमेरिकेत ट्रकची नोकरी हवी असेल तर काय करावं लागतं

आपल्याकडे गिअरची गाडी शिकलेले आणि अमेरिकेत आल्यावर दहा-बारा वर्षं फक्त ऑटोमॅटिक चालवलेले बरेच जण आता ट्रकच्या नोकरीचं विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी स्वतः यातून गेलोय.

सगळ्यात आधी हे पक्कं लक्षात घ्या की टेस्ट कुठल्या ट्रकवर दिली त्यावर लायसन्स ठरतं. सीडीएल म्हणजे कमर्शियल लायसन्सची ड्रायव्हिंग टेस्ट ऑटोमॅटिक ट्रकवर दिली की लायसन्सवर ‘ई’ हे रिस्ट्रिक्शन पडतं आणि मग गिअरचा कमर्शियल ट्रक चालवता येत नाही. यात फसायला होतं ते व्याख्येमुळे. ड्रायव्हरने स्वतः दाबायचा क्लच आणि स्वतः टाकायचा गिअर, दोन्ही असेल तरच नियमाप्रमाणे मॅन्युअल, बाकी सगळं ऑटोमॅटिक. हल्लीच्या नव्या ट्रकमध्ये ऑटोमेटेड मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, नावात मॅन्युअल आहे पण क्लचचं पेडलच नाही, म्हणजे त्यावर टेस्ट दिली तर ‘ई’ आलाच. शाळेत नाव घालताना सरळ विचारा की टेस्टच्या ट्रकला क्लच आहे का.

‘ई’ असलं तरी मोठ्या फ्लीटमध्ये, म्हणजे शेकडो ट्रक असलेल्या कंपन्यांत, काम मिळतं, कारण त्यांचे ट्रक बहुतेक ऑटोमॅटिकच झालेत. पण डंपर, जड सामानाची वाहतूक, जुने ट्रक ठेवणारे छोटे मालक यांच्याकडे अजून गिअर आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की नव्या माणसाने हे दार स्वतःहून बंद करून घेऊ नये.

आता पात्रता. एकाच राज्यात चालवायचं असेल तर वय १८, राज्याबाहेर माल न्यायचा असेल तर २१. ट्रॅक्टर-ट्रेलरला, म्हणजे पुढे इंजिनवाला ट्रक आणि मागे जोडलेला ट्रेलर, क्लास ए लागतो, म्हणजे दोन्ही मिळून रेटेड वजन (बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेली वजनाची मर्यादा) २६,००१ पौंड किंवा जास्त आणि त्यात ट्रेलर १०,००० पौंडांच्या वर. भारतातलं हेवीचं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, कितीही वर्षं ट्रक चालवलेला असो, इथे कमर्शियल ट्रक चालवायला बाहेरच्या देशांपैकी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोचं कमर्शियल लायसन्स मानतात. इंग्रजी वाचता-बोलता यायलाच हवं, जून २०२५ पासून रस्त्यावर तपासणीत ते जमलं नाही तर ड्रायव्हरला तिथेच थांबवतात. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना नेहमीचं सीडीएल मिळतं, बाकी व्हिसावाल्यांसाठी २०२५ मध्ये नियम खूप आवळले आणि प्रकरण कोर्टातही गेलं, त्यामुळे तुमच्या स्टेटसवर आज काय चालतं ते राज्याच्या लायसन्स ऑफिसात विचारल्याशिवाय शाळेची फी भरू नका.

कागदपत्रांत चालू ड्रायव्हिंग लायसन्स, सोशल सिक्युरिटी नंबर, सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्डचा पुरावा, त्या राज्यात राहता याचा पुरावा आणि डीओटी म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमांप्रमाणे केलेली मेडिकल तपासणी. मेडिकल आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे चालेलच असं नाही, तो फेडरल यादीतलाच एक्झामिनर लागतो. सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं, बीपी वगैरे असेल तर कमी मुदतीचं. इन्सुलिन घेत असाल तर तुमच्या डॉक्टरने भरलेला फॉर्म आणि गेल्या ३ महिन्यांच्या शुगरच्या नोंदी लागतात आणि सर्टिफिकेट वर्षभराचंच मिळतं, म्हणून नोंदी आत्तापासून ठेवायला लागा, आपल्यात शुगर असणारे किती आहेत ते वेगळं सांगायला नको.

पहिल्यांदाच सीडीएल काढणाऱ्यांनी आधी लेखी परीक्षा द्यायची, जनरल नॉलेज, एअर ब्रेक आणि कॉम्बिनेशन (ट्रेलर जोडलेली गाडी), प्रत्येकात ८०% लागतात. मग लर्नर परमिट मिळतं. त्यावर चालवताना शेजारी सीडीएलवाला बसलेला हवा आणि परमिट मिळाल्यावर १४ दिवस तरी टेस्ट देता येत नाही. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्यांना फेडरल रजिस्ट्रीतल्या संस्थेकडून ट्रेनिंग सक्तीचं आहे. तासांचं किमान बंधन नाही, पण थिअरीत इथेही ८०% हवेत. त्यानंतर टेस्ट, आधी ट्रकची तपासणी तोंडाने सांगत करायची, मग मोकळ्या जागेत रिव्हर्स वगैरे, मग रस्त्यावर.

ज्यांच्या लायसन्सवर ‘ई’ आधीच आहे त्यांना मात्र हे सगळं परत करायचं नाहीये, आणि हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. फेडरल नियमात स्पष्ट आहे की ‘ई’ काढायला सक्तीचं ट्रेनिंग लागत नाही आणि पूर्ण टेस्टही लागत नाही, गिअरचा ट्रक नीट हाताळता येतो एवढं दाखवणारी छोटी टेस्ट पुरते. मी ज्या शाळेत चौकशी केली तिथे मला पूर्ण कोर्स परत करायला सांगत होते, हजारो डॉलरची गोष्ट होती. म्हणून आधी राज्याच्या ऑफिसात दोन प्रश्न विचारा, ‘ई’ काढायची टेस्ट कशी घेता आणि सरावासाठी वेगळं परमिट लागतं का. टेस्टला गिअरचा ट्रक आपणच न्यायचा असतो. खरी अडचण ही आहे, कारण असे ट्रक शाळांकडे कमी होत चाललेत, मला तारीख मिळाली होती आणि ट्रक मिळत नव्हता.

आता सराव. पाय तेच आहेत, हात बदललाय, भारतात गिअर डाव्या हाताला आणि इथे उजव्या. हे दोन दिवसांत जमतं. कारचा क्लच विसरायला जास्त वेळ लागतो, कारण ट्रकच्या या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो, म्हणजे कारमध्ये गिअरचे वेग आपोआप जुळवणारे भाग, नसतात, आपणच इंजिनचा वेग जुळवायचा. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, परत दाबा, पुढचा गिअर टाका. यालाच डबल क्लच म्हणतात. खालचा गिअर टाकताना न्यूट्रलमध्ये असताना थोडं अॅक्सिलरेटर देऊन आरपीएम वर आणायचे. आणि क्लच पार तळापर्यंत दाबायचा नाही, शेवटच्या इंच-दोन इंचांत क्लच ब्रेक म्हणजे गिअरबॉक्सचं फिरणं थांबवणारा ब्रेक असतो, तो उभ्या ट्रकला पहिला किंवा रिव्हर्स टाकण्यापुरता. माझा पाय कारच्या सवयीने तळालाच जायचा आणि पाचवा गिअर नुसता खरखर करायचा, आत जायचाच नाही. मग शिकवणाऱ्याने आरपीएमच्या काट्याकडे न बघता आवाज ऐकायला लावला, तिसऱ्या दिवशी एकदा गिअर आपोआप सरकल्यासारखा आत गेला, आवाजच नाही, फक्त हाताला टक् असं लागलं, आणि तेव्हा कळलं की वेग जुळणं म्हणजे काय. १० गिअरच्या ट्रकमध्ये पाचवरून सहावर जाताना नॉबवरचं रेंजचं (खालचे पाच की वरचे पाच गिअर ते ठरवणारं) बटण गिअर काढायच्या आधीच वर करून ठेवायचं.

टेस्टमध्ये उताराला लागण्याआधीच खालचा गिअर घ्या, रेल्वे क्रॉसिंगवर गिअर बदलू नका आणि क्लच दाबून गाडी नुसती वाहू देऊ नका.

पास झाल्यावर नोकरीच्या आधी डीओटी ड्रग टेस्ट होते. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी इथे चालत नाही. कंपनी फेडरल क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्रग आणि दारूच्या नियमभंगांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन यादीत, तुमचं नाव तपासते, त्यासाठी तुमची संमती लागते, तेव्हा तिथे अकाउंट आधीच उघडून ठेवा. आणि नवीन कार्ड किंवा तात्पुरता कागद हातात आला की काउंटर सोडायच्या आधी रिस्ट्रिक्शनचा रकाना वाचा, जुना ‘ई’ चुकून तसाच राहिला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.