कांदा चाळ

उन्हाळ कांदा एप्रिल-मेपासून दिवाळीच्या सुमारापर्यंत टिकवण्यासाठी शेतकरी आपल्या शेतात किंवा घराजवळ जी हवेशीर बांधणी उभारतो ती कांदा चाळ. जुन्नर-आंबेगाव भागात हिलाच बराख म्हणतात. इथे यंत्राने गारवा केलेला नसतो; तळातून आणि चारी बाजूंनी खेळणाऱ्या हवेवर सगळी भिस्त असते. खरिपाचा पोळ आणि त्यामागून येणारा रांगडा कांदा चाळीत भरत नाहीत. त्यांत पाणी जास्त, पत्ती (वरची साल) पातळ आणि मान (पात निघते तो भाग) जाड असते, त्यामुळे ते लवकर सडतात किंवा कोंब काढतात. साठवणीचा कांदा तो उन्हाळच.

काढणी झाल्यावर कांदा काही महिने सुप्तावस्थेत, म्हणजे कोंब न फुटता विसावलेला असतो. ती मोडण्याला तापमान कारणीभूत ठरते. साधारण १० ते २० अंश सेल्सिअसला कोंब सर्वांत वेगाने येतात. शून्य ते दोन अंशांना आणि २५ ते ३० अंशांना ते दबून राहतात. शीतगृहाचा खर्च मोठा, शिवाय तिथून बाहेर काढलेल्या कांद्याला लगेच कोंब फुटू लागतात. म्हणून महाराष्ट्रात दुसरी वाट धरली गेली: २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता. आर्द्रता याहून खाली गेली की वजन घटते, वर गेली की मुळ्या फुटतात आणि बुरशी येते. एप्रिल-मेच्या उन्हात पहिला धोका आणि पावसाळ्यात दुसरा, असे दोन्ही एकाच चाळीला सोसावे लागतात.

टिकाऊपणा चाळीत येत नाही, तो शेतातून यावा लागतो. हे ध्यानात न घेता बांधलेल्या भक्कम चाळीतही कांदा सडतो. सुरुवात वाणापासून होते. ‘एन-२-४-१’, ‘अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड’ आणि राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे ‘भीमा किरण’ व ‘भीमा शक्ती’ हे साठवणीला चांगले वाण आहेत. नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ६० दिवसांच्या आत द्यावा. उशिरा दिलेल्या युरियाने कांदा फुगतो, पण मान जाड राहते. ती नीट सुकत नाही आणि सड तिथूनच आत शिरते. गंधक मिळालेला कांदा जास्त टिकतो. काढणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे. वजनाच्या आशेने शेवटचे एक पाणी जास्त दिले तर त्याची किंमत ऑगस्टमध्ये मोजावी लागते.

निम्म्या झाडांच्या माना पडल्या की काढणी करावी. उपटलेला कांदा शेतातच ओळीने असा पसरतात, की एका ओळीची पात आधीच्या ओळीच्या कांद्यांवर यावी. उघड्या कांद्याला उन्हाचा चटका बसतो आणि भाजलेला भाग पुढे सडतो. तीन ते पाच दिवसांनी मानेला पीळ देऊन, तीन-चार सेंटिमीटर नाळ (पातीचा बुंधा) ठेवून पात कापतात. नाळ अगदी बुडाशी कापली तर मानेचे तोंड उघडे राहते. त्यानंतर कांदा पंधरा ते वीस दिवस सावलीत पातळ ढिगाने सुकवतात. या मुदतीत वरची पत्ती कागदासारखी कोरडी होते, तिला रंग चढतो, आणि सडका-दबका कांदा आपोआप उघडा पडतो. मजूर परत बोलवायला नको म्हणून अनेक जण ही पायरी गाळतात. चाळीतल्या नुकसानीचे सर्वांत मोठे कारण बहुधा हेच असते. भरताना जोड कांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जाड मानेचे आणि खुरप्याचा मार लागलेले कांदे बाजूला काढावेत. चिंगळी (अगदी बारीक कांदा) हीही वेगळी करावी, कारण ती मोठ्या कांद्यांमधल्या फटी बुजवते आणि हवा अडवते.

चाळ एक पाखी (एका कप्प्याची) किंवा दोन पाखी असते. दोन पाखी चाळीत दोन कप्पे आणि मध्ये पाच फुटांची वाट असते. प्रत्येक कप्पा चार फूट (१.२ मीटर) रुंद ठेवावा, त्याहून रुंद केला तर मधल्या कांद्याला वारा लागत नाही. कांद्याचा थर पाच फुटांपेक्षा (१.५ मीटर) उंच नको, नाहीतर खालचा कांदा दबतो. या मापाने ४० फूट लांबीच्या दोन पाखी चाळीत सुमारे २५ टन कांदा मावतो. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच घेऊन त्यावर बांबू किंवा लाकडी पट्ट्या फटी ठेवून बसवतात. तळाची ही मोकळी जागा म्हणजे चाळीचा प्राण. तिथे पोती, अवजारे किंवा भुसा ठेवून ती बुजवू नये. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात, म्हणजे पश्चिमेचा वारा आडवा आरपार जातो. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम. जागा उंच आणि निचऱ्याची हवी. छपराला कौले किंवा सिमेंटचे पत्रे बरे, लोखंडी पत्र्याखाली उन्हाळ्यात आतली हवा तापते. पावसाचे झोत येतात त्या बाजूला पडदा लावावा, पण पाऊस उघडला की तो वर घ्यायलाच हवा. कायम सोडलेल्या पडद्याआड कांदा घामेजतो.

पावसाळ्यात वासाकडे लक्ष ठेवावे. आंबूस वास आणि तळातून ठिबकणारे पाणी म्हणजे जीवाणूंची ओली सड. सडलेल्या कांद्याचा रस खालच्या थरावर पडत जातो. पत्तीखाली काजळीसारखी भुकटी दिसली तर ती काळी बुरशी, उष्ण-दमट हवेत वाढणारी. एका जागी सड सापडली तर तेवढा कप्पा उपसून निवडावा आणि चांगला कांदा लवकर विकावा. सगळी चाळ हलवण्यात फायदा नसतो, कारण हाताळणीने पत्ती सुटते. साधारण साठवणीत चार-पाच महिन्यांत वजनघट, सड आणि कोंब मिळून ४० टक्के आणि त्याहूनही जास्त माल जाऊ शकतो. म्हणून भाव वाढण्याची वाट पाहताना रोज घटणारे वजनही हिशेबात धरावे लागते.

लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र, म्हणजे शेतमालावर गॅमा किरणांचा मारा करण्याची सोय, २००२ मध्ये सुरू झाले. सुप्तावस्थेतच कांद्याला ६० ते ९० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा दिली तर कोंब येत नाहीत. सड आणि वजनघट मात्र त्याने थांबत नाही. त्यासाठी सुकवणी आणि हवाच लागते.

घरापुरता कांदा ठेवायला चाळ लागत नाही. अलिबागचा पांढरा कांदा वाळलेल्या पातीसकट माळेत गुंफून टांगतात. प्रत्येक कांद्याला चहूकडून वारा लागतो आणि एक सडला तर तो दिसतोही. पातीशिवायचा कांदा बांबूच्या टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत, बटाट्यापासून दूर ठेवावा, कारण बटाट्याच्या ओलाव्याने त्याला लवकर कोंब येतात.